रागाला फ्रेंच नाव, क्षमेला आपली भाषा

आमच्या निवासी विद्यालयाच्या वेळापत्रकात फ्रेंचचा तास पाहिला की पाहुण्यांना हमखास आश्चर्य वाटते. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत शिलाई करणारे, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारे, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारे आमचे पालकही कधी नम्रपणे, तर कधी थोडे चिडून विचारतात, की इंग्रजी अजून पक्के झाले नाही, गणितात मुले अडखळतात, मग ही फ्रेंचची हौस कशासाठी? याचे ठरावीक उत्तर असे, की अकरावी-बारावीत फ्रेंच घेतले म्हणजे गुण भरपूर मिळतात. आम्हांला हे उत्तर कधीच पटले नाही. केवळ गुणांसाठी घेतलेली भाषा निकालाच्या दिवशी संपते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या तासाची बाजू वेगळ्या ठिकाणाहून मांडू इच्छितो, आणि ते ठिकाण वर्गात नसून वसतिगृहात आहे.

त्याआधी एक जुना संदर्भ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, अशा त्या भरगच्च यादीच्या शेवटी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचा एकेक अभ्यासक्रम आहे. ज्या विद्यार्थ्याला मुंबईत शाळेत असताना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि म्हणून फारसी घ्यावी लागली, त्याने संधी मिळताच आणखी दोन भाषांची दारे उघडली. आमच्या मुलांना अमुक भाषा झेपेल आणि अमुक झेपणार नाही, त्यांच्या कामाची नाही, हे परस्पर ठरवणाऱ्यांना आम्ही ही यादी दाखवतो. गरिबाच्या मुलाने उपयोगाचेच शिकावे आणि श्रीमंताच्या मुलाने आवडीचे, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

आता मूळ मुद्दा. फ्रेंचच्या प्राथमिक पुस्तकांत लवकरच भावनांचा धडा येतो. गोल चेहऱ्यांची चित्रे असतात आणि त्यांच्याशी शब्द जुळवायचे असतात. ‘कोंतां’ म्हणजे आनंदी, ‘त्रिस्त’ म्हणजे दुःखी, ‘देस्यु’ म्हणजे अपेक्षाभंग झालेला, ‘झालू’ म्हणजे मत्सरी, ‘फ्येर’ म्हणजे अभिमान वाटणारा. मुलगी बोलत असेल तर ‘कोंतां’चे ‘कोंतांत’ होते. ज्या मुलांच्या मराठीत ‘मी रागावलो’ आणि ‘मी रागावले’ हा भेद आईच्या मांडीवरच पक्का झालेला असतो, त्यांना याचे नवल वाटत नाही, आणि फ्रेंच आपल्याला वाटली तितकी परकी नाही असा धीर येतो. हा धडा बहुतेक शाळांत दोन तासांत उरकला जातो. आमच्या मते तो वर्षभर पुरणारा धडा आहे.

कारण भावनांच्या शब्दांच्या बाबतीत आपली मुले स्वभाषेतही फार सावध नसतात. आमच्यासारख्या बौद्ध शाळेत तर एक खास गोंधळ आहे. धम्माच्या तासाला मुले राग, द्वेष आणि मोह ही त्रयी शिकतात. तेथील ‘राग’ म्हणजे आसक्ती, हवेहवेसे वाटणे. संताप ज्यात मोडतो तो द्वेष. पण मराठीत ‘राग’ म्हणजे सरळ संतापच. सहावीतले मूल जेव्हा ‘राग सोडावा’ असे ऐकते, तेव्हा ते मारामारी सोडण्याचा अर्थ घेते, आणि दुसऱ्याची वही, दुसऱ्याचे बूट, दुसऱ्याचा मित्र आपल्यालाच हवा ही ओढ मात्र तशीच राहते, कारण त्या ओढीला त्याच्याजवळ नावच नसते. एकच शब्द दोन परंपरांतून आला आणि दोन अर्थ घेऊन बसला. हे मुलांना नुसते सांगून कळत नाही. तिसऱ्या भाषेतला शब्द शेजारी ठेवला की कळते. संतापाला फ्रेंचमध्ये ‘कोलेर’ म्हणतात, आसक्तीला ते चालत नाही. मग प्रश्न आपोआप उभा राहतो, की आपला ‘राग’ यांपैकी कोणता?

त्या ‘कोलेर’ची व्युत्पत्तीही सांगण्यासारखी आहे. तो शब्द पित्त या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. म्हणजे फ्रेंच माणसाचेही पित्तच खवळते! हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी संतापाचा पत्ता एकाच अवयवात शोधावा, याची मुलांना फार गंमत वाटते. तशीच गंमत ‘बूदे’ या क्रियापदाची. त्याचा अर्थ फुगून बसणे, रुसणे. याच क्रियापदावरून ‘बूद्वार’ हा शब्द बनला. घरातील स्त्रीची खासगी खोली असा त्याचा रूढ अर्थ, मुळात मात्र रुसून बसण्याची जागा. आपल्याकडे कैकेयीसाठी क्रोधागार होतेच. तरीही ‘रुसणे’ फ्रेंचमध्ये पुरते उतरत नाही, असे आमचे मत आहे. रुसणाऱ्याची समजूत कोणी तरी काढावी ही अपेक्षा मराठी शब्दातच भरलेली आहे. आपले कोणी असल्याशिवाय रुसता येत नाही. वसतिगृहात नव्याने आलेले मूल पहिले काही दिवस रडते, भांडते, गप्प बसते, पण रुसत नाही. ते ज्या दिवशी पहिल्यांदा रुसते, त्या दिवशी ते येथे रुळले असे समजावे.

शब्दांइतकेच व्याकरणही बोलते. मराठीत राग ‘येतो’, भीती ‘वाटते’, लाज ‘वाटते’. आपण ‘मला’ म्हणून बाजूला उभे राहतो आणि भावना पाहुण्यासारखी येते. फ्रेंचमध्ये भीती आणि लाज माणसाजवळ ‘असते’: ‘झे पर’, ‘झे ओंत’, म्हणजे शब्दशः माझ्याकडे भीती आहे, माझ्याकडे लाज आहे. संतापाच्या बाबतीत माणूस संतापा‘त’ असतो: ‘झ स्वी आं कोलेर’, जणू एखाद्या खोलीत. दोन्ही रचनांत शहाणपण आहे. जे आले ते जाईलही, हे मराठी सांगते. खोलीत शिरलेला बाहेर पडू शकतो, हे फ्रेंच सांगते. मात्र मराठी रचनेला एक पळवाट आहे आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना ती तोंडपाठ आहे: ‘मला राग आला म्हणून मारले.’ राग आला, म्हणजे जणू पाऊस आला. मारणारा हात कोणाचा, हे वाक्यात कोठेच नाही. ‘आमचे भांडण झाले’ हेही तसेच. भांडण झाले, कोणी केले नाही. फ्रेंचमध्ये याच गोष्टीसाठी ‘स दिस्प्युते’ हे क्रियापद वापरतात. त्याला कर्ता लागतोच, आणि कर्ता ‘आम्ही’ असला की ‘नू’ हे सर्वनाम दोनदा येते: आम्ही एकमेकांशी भांडलो. समेटाचे क्रियापद ‘स रेकोंसिलिये’ हेही त्याच घडणीचे. भांडायला दोघे लागले, तसे मिटवायलाही दोघे लागतात, हे फ्रेंच व्याकरण दर वेळी आठवण करून देते.

उलट एका बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि ते मुलांना अभिमानाने सांगावे. ‘नू’मध्ये समोरचा धरला आहे की वगळला आहे, हे कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. भांडणात दोन्ही बाजू ‘आम्ही’ म्हणत असतात. कोणी तरी पहिल्यांदा ‘आपण’ म्हणतो, तेव्हा भांडण उताराला लागते. मध्यस्थाने कान द्यावा तो या एका सर्वनामाकडे.

पण हे सारे मराठीतूनच शिकवता येणार नाही का? काही अंशी येईल. तरी परक्या भाषेचा एक उपयोग असा आहे, की तो या आपल्या तीन गावांत विशेष जाणवतो. उल्हासनगर ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांच्या जागेवर ती उभी राहिली, १९४९ साली तिला हे नाव मिळाले, आणि तरी आजही लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प’ क्रमांक सांगतात. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, तसाच शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना आणि त्याच्याभोवती देशभरातून आलेली कामगारवस्ती आहे. बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्यांच्या येण्याने वाढत गेले. आमच्या एका शयनगृहात मराठीच चार प्रकारची ऐकू येते. शिवाय सिंधी, हिंदी, भोजपुरी. सिंधी मुलगा संतापाला ‘काविड़’ म्हणतो, आणि मराठी मुलाला खांद्यावरची पाण्याची कावड आठवते. हे हसण्यावारी जाते. जे हसण्यावारी जात नाही ते असे, की प्रत्येक घरच्या भाषेत दुसऱ्याला कमी लेखणारे शब्द मुरलेले असतात. जातीवरून, वस्तीवरून, बापाच्या धंद्यावरून, कातडीच्या रंगावरून. मुले ते शिकायला कोठे जात नाहीत. ते शब्द त्यांच्याबरोबर ट्रंकेतून येतात. दोन मुले नळावरच्या रांगेवरून भांडतात आणि तिसऱ्या वाक्याला आजोबांच्या काळचे भांडण भांडू लागतात.

अशा वेळी ‘तुला नेमके काय वाटते आहे?’ असे मराठीत विचारले, तर मूल पुन्हा त्याच शब्दांच्या चिखलात पाय घालते. फ्रेंच शब्दांना हा चिखल लागलेला नाही. ते येथे कोणाच्याही आजोबांनी कोणाच्याही आजोबांना ऐकवलेले नाहीत. मूल आठवून, अडखळत म्हणते, ‘झ स्वी देस्यु.’ आठवण्यात जो क्षण जातो, तो श्वास घेण्याचा क्षण असतो. शिवाय त्याला निवड करावी लागते. संताप, लाज, मत्सर की अपेक्षाभंग? पुष्कळदा ‘राग’ म्हणून आलेले मूल ‘ओंत’वर, म्हणजे लाजेवर, बोट ठेवते, आणि प्रकरणाची दिशाच बदलते.

याला आधुनिक मानसशास्त्राचा काही आधार आहे. २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की संतप्त किंवा भयभीत चेहरा पाहताना त्या भावनेला शब्दाने नाव दिले, तर मेंदूतील भीती-संतापाशी निगडित केंद्राची खळबळ कमी होते. २०१२ साली शिकागो विद्यापीठातील बोआझ कीझार यांच्या गटाने दाखवले, की परक्या भाषेत विचार करताना माणसे नुकसानीच्या भीतीने तितकीशी वाहवत जात नाहीत. अशा प्रयोगांवरून फार मोठे इमले बांधू नयेत, हे खरे. पण सतिपट्ठान सुत्ताशी परिचित असलेल्या कोणालाही यात नवे वाटणार नाही. द्वेषयुक्त चित्त असेल तेव्हा ‘हे द्वेषयुक्त चित्त आहे’ असे जाणावे, असा भिक्खूंना उपदेश आहे. दडपावे असे तेथे प्रथम म्हटलेले नाही, उसळू द्यावे असेही नाही, जाणावे. आणि नाव ठाऊक नसलेल्या मुलाने ते जाणावे कसे?

येथवर आम्ही फ्रेंचची वकिली केली. आता तिची मर्यादा सांगितली पाहिजे, आणि आमच्या म्हणण्याचा खरा भर तेथेच आहे. परक्या भाषेत भावना ओळखणे सोपे होते, कारण ती भाषा हलकी असते. त्याच कारणाने तिच्यात क्षमा मागणे स्वस्त होते. ‘सॉरी’ या इंग्रजी शब्दाचे आपण काय केले आहे ते पाहावे. धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. एखाद्याची जात काढली, तरी सॉरी. ‘पारदों’ आणि ‘देझोले’ यांचेही तेच होईल, किंबहुना अधिक होईल, कारण ते म्हणताना मुलाला आपण काही ऐटबाज बोललो असे वाटते. क्षमा मागताना ज्याच्या चेहऱ्यावर उच्चार साधल्याचे समाधान आहे, त्याने क्षमा मागितलेली नाही. म्हणून आमचे मत असे, की भावनेला नाव द्यायला फ्रेंच खुशाल वापरावी. पण ज्या भाषेत दुखावले, क्षमा त्याच भाषेत मागावी. शिवी मराठीत दिली असेल तर माफी मराठीत, सिंधीत टोमणा मारला असेल तर सिंधीत. ते जड जाते, आणि जड गेलेच पाहिजे.

विनयपिटकात याचे एक उदाहरण आहे, ते आमच्या मुलांना अतिशय आवडते. मच्छिकासण्ड येथील चित्त नावाच्या गृहपतीने काही थोर भिक्खूंना भोजनाचे आमंत्रण दिले. तेथेच राहणाऱ्या सुधम्म भिक्खूला आधी विचारले नाही. सुधम्म दुखावला. भोजनाची सिद्धता पाहून तो म्हणाला, की सर्व काही आहे, एक तिळाचे वडे तेवढे नाहीत. वरवर साधे वाक्य; पण अट्ठकथा सांगते, की चित्ताच्या घराण्यात पूर्वी कोणी तरी असे पदार्थ विकत असे. म्हणजे घराण्याच्या धंद्यावरून टोमणा! प्रकरण भगवान बुद्धांपर्यंत गेले. त्यांनी सुधम्मालाच दोष दिला आणि चित्ताची क्षमा मागून येण्यास सांगितले. भिक्खूने गृहस्थाची क्षमा मागायची. या संघकर्माला पटिसारणीय कर्म म्हणतात. सुधम्म मच्छिकासण्डला गेला खरा, पण लाजेने त्याला क्षमा मागता येईना. तो तसाच परतला. तेव्हा त्याच्याबरोबर दुसरा एक भिक्खू सोबतीला द्यावा असे ठरले. आम्हांला या कथेतील हा सोबती फार महत्त्वाचा वाटतो. क्षमा मागता येत नाही म्हणून सुधम्माला आणखी शिक्षा झाली नाही, आणि त्याची सुटकाही झाली नाही. त्याला आधार दिला गेला, आणि पुन्हा त्याच दाराशी पाठवले गेले.

विनयात तंटे शमवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. पहिला सम्मुखाविनय, म्हणजे दोन्ही पक्ष समोरासमोर असताना निर्णय. शेवटचा तिणवत्थारक: घाणीवर गवत पसरावे तसे दोन्ही बाजूंच्या अनेक लहानमोठ्या आगळिकी एकत्र झाकून टाकणे, कारण एकेक उकरली तर तंटा वाढेल. शाळांना हा सातवा मार्ग फार सोयीचा वाटतो. ‘झाले गेले विसरा, हात मिळवा’ हे आपल्या सर्व शिक्षकवर्गाचे आवडते वाक्य. पण विनयाने त्याला अपवाद ठेवले आहेत. गंभीर अपराध गवताखाली जात नाही, आणि गृहस्थाच्या अपमानाशी जोडलेला अपराधही जात नाही. सुधम्माला म्हणूनच दारात जावे लागले. जातीवरून केलेला अपमान गवताखाली झाकणारी शाळा बुद्धाचे नाव सांगू शकत नाही.

मोठ्या तंट्यांकडे पाहिले तरी भाषेचा प्रश्न सुटत नाही. धर्मानंद कोसंबी यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा संबंध सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी जोडला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तो तंटाच गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला. १९२७ साली महाडला पुन्हा पाणीच होते. त्याच वर्षी बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले होते, हे या परिसरातल्या मुलांना ठाऊक असावे. डिसेंबरमधील महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या सभेची तुलना १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. ज्या राज्यक्रांतीतून ‘लिबेर्ते, एगालिते, फ्रातेर्निते’ हे तीन शब्द जगभर गेले, तिचे स्मरण त्यांनी चवदार तळ्याच्या लढ्यात मराठीतून करून दिले. पुढे १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात मात्र त्यांनी स्पष्ट केले, की आपले स्वातंत्र्य, समता आणि बंधुता फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत. ते आपण आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहेत.

या दोन विधानांत आम्हांला विसंगती दिसत नाही. फ्रेंच शब्दाने गोष्टीला जगाला कळणारे नाव दिले. तिचे मूळ आपल्या भूमीत होते, तेथे परतावे लागले. ‘फ्रातेर्निते’ हा शब्द भावाच्या लॅटिन नावावरून आला आहे. त्यात बहीण नाही. आपल्या ‘बंधुते’तही ती नाही. ‘मैत्री’त सर्व आहेत, बाबासाहेबांनी करुणेच्या पुढची पायरी म्हणून मैत्रीकडे पाहिले ते ती मनुष्यमात्रापाशी थांबत नाही म्हणून. आठवीच्या मुलीने फ्रेंचच्या तासाला ‘फ्रातेर्निते’चा अर्थ लावताना ‘मग आम्ही कोठे?’ असे विचारावे, यासाठी तरी तो तास असावा.

वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेला पवारणा असते. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझ्या हातून काही घडलेले आपण पाहिले, ऐकले किंवा आपल्याला तशी शंका आली असेल, तर मला सांगावे. आमच्या मते निवासी शाळेने हा दिवस विद्यार्थ्यांसाठीही पाळावा, आणि शिक्षकांनी तो आधी स्वतःपासून सुरू करावा. शयनगृहाच्या भिंतीवर भावनांचा एक तक्ता असावा: एका रकान्यात फ्रेंच, पुढे मराठी, सिंधी, हिंदी, आणि पालीचाही एक रकाना, म्हणजे ‘राग’ दोनदा लिहावा लागेल. ज्याला बोलायचे आहे त्याने आधी तक्त्यावर बोट ठेवावे. ज्याला क्षमा मागायची आहे त्याने तक्त्याकडे पाठ करून समोरच्याकडे पाहावे, आणि एकट्याने जमत नसेल तर सोबती मागून घ्यावा.